उबेची खोली

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार, खुशाली, हवापाणी हे सगळं लिहिलं आहे असं धर, कारण मला आधी बियांचं सांगायचंय. पाकीट पोचलं. टोमॅटो, वांगी, दोन प्रकारच्या मिरच्या, सगळं शाबूत. पुड्यांवर लाल शाईने लिहिलेल्या तुझ्या सूचनाही वाचल्या. इतकं दटावून तर शाळेतही कुणी लिहीत नसे.

बाहेर जमीन अजून गोठलेली आहे. कुदळ मारली तर उलटी अंगावर येते. म्हणून तू म्हणतेस तसं घरातच रुजवायचं ठरवलंय, लावणीला हवा बदलेपर्यंत रोपं तयार होतील. जागा म्हणजे स्वयंपाकघरामागची खोली. घरात ऊब असेल तर तिथेच, कारण रॉकेलची शेगडी एकच आणि ती तिथे. ह्यांच्या अवजारांची मांडणी रिकामी करून तिच्यावर ट्रे ठेवलेत. माती चाळून, भिजवून तयार आहे.

सासूबाईही त्याच खोलीत असतात. झटका आल्यापासून उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात चालतो असं डॉक्टर म्हणतात, पण मी काही तो उचललेला पाहिलेला नाही. काठी मात्र अजून मांडीवर लागते. चालताना लागायची ती, आता नुसती धरून बसायला. मुख्याध्यापिकेची नजर तशीच आहे. मी माती चाळत होते तेव्हा सांडलेल्या मातीकडे अशा बघत होत्या की मी मुकाट्याने झाडू आणला.

डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांना ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं, तेव्हा बोलत राहा. आता मी काय बोलणार? वीस वर्षांत आमचं बोलणं मीठ कमी आणि मीठ जास्त यापलीकडे गेलं नाही. म्हणून तुझी पत्रं मोठ्याने वाचून दाखवते. तुझ्या सूचना त्यांना आवडत असाव्यात, मान हलली एकदा.

एक विचारायचं होतं. खोलीच्या भिंतीत खाली, सासूबाईंच्या खुर्चीजवळ, विटेएवढं हवेचं भोक आहे. त्यातून गार झोत येतो तो नेमका खालच्या ट्रेवर. काय करू?

ह्यांना बोटीवरून यायला अजून बरेच महिने आहेत. तोवर मी, सासूबाई आणि तुझी वांगी.

तुझी,
बारकी

---

१८ जानेवारी

बारके,

अगं, बी म्हणजे बाळंतीण. तिला झोत लागून चालतो का? ते भोक आधी बुजव. जुनं कापड घट्ट गुंडाळून कोंब आत. खिडकीच्या फटींनाही चिंध्या लाव. वांगी आणि मिरची उबेशिवाय डोकंच वर काढत नाहीत. एक रात्र गारठा लागला तर पंधरा दिवस मागे पडतात. मी आयुष्य रोपवाटिकेत काढलंय, मला शिकवू नकोस. शिकवलं नाहीस म्हणा, विचारलंस. तरी आधीच सांगून ठेवते.

पेरलंस की वरून प्लास्टिक घाल. कोंब दिसले की काढ. उजेडाकडे वाकायला लागतील तर ट्रे रोज फिरव. आणि दिवसातून एकदा शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवायचा, म्हणजे देठ दणकट होतो. आमचे नवे लोक याला हसतात. हसू देत.

फोन करू का, असं मागे एकदा विचारलं होतंस. नको. माझे कान आता अगदीच गेलेत. फोनवर तू म्हणजे विहिरीत पडलेली कुणीतरी बाई वाटतेस. पत्रच बरं. पण शेजारच्या शिंप्याच्या दुकानातल्या फोनचा नंबर कळवून ठेव, असू दे हाताशी.

सासूबाईंना माझा नमस्कार वाचून दाखव. त्यांना म्हणावं, सांडलेली माती मीही खपवून घेत नाही.

ताई

---

२७ जानेवारी

ताई,

उगवले! टोमॅटो सगळ्यात आधी. पाठ वाकवून वर आले आणि मग एकेकाने मान सरळ केली. मी सासूबाईंसमोर टाळ्या वाजवल्या. वेडेपणाच. त्यांनी डोळे मिटून घेतले. वांगी अजून विचारात आहेत.

तू सांगितलंस तसं भोक बुजवलं. तुझं पत्र वाचता वाचताच उठले आणि ह्यांचा जुना सदरा गुंडाळून कोंबला. खिडकीला चिंध्या लावल्या. खोली आता छान उबते. बाहेरून आलं की चष्म्यावर वाफ धरते.

एकच गंमत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सदरा जमिनीवर पडलेला. मला वाटलं नीट बसला नसेल. पुन्हा कोंबला. संध्याकाळी दिवा लावायला आले तर पुन्हा खाली, आणि चांगला हातभर लांब. वाऱ्याने एवढा जड सदरा आत येऊन पडेल का गं?

डोकं दुखतंय चार दिवस. सर्दी मुरली असेल. बाजारात जाऊन आले की उतरतं, घरी आले की पुन्हा सुरू. म्हणजे बघ, माझ्या डोक्यालाही काम नकोय.

शिंप्याचा नंबर पाठीमागे लिहिलाय. भला माणूस आहे. रॉकेलचा डबा दारापर्यंत आणून देतो.

बारकी

---

२ फेब्रुवारी

बारके,

तुझी टाळी इथपर्यंत ऐकू आली, आणि मी तर बहिरी.

सदऱ्याचं मनावर घेऊ नकोस. उंदीर असेल. उबेला येतात मेले, बाहेर गारठा असताना त्यांनी तरी कुठे जायचं? कापड पिळून, चांगलं ठोकून बसव. झोत चालू राहिला तर खालच्या ट्रेतली मिरची गेलीच म्हणून समज.

डोकं दुखतंय ते न जेवल्यामुळे. तू एकटी असलीस की काय खातेस ते मला ठाऊक आहे, उभ्याउभ्या चहा आणि बिस्किटं. नवरा बोटीवर असला म्हणून बाईने उपाशी राहायचं असं कुठे लिहिलंय?

खरी पानं आली की एकेक रोप वेगळ्या कपात लाव. धरायचं पानाला, देठाला नाही. पान गेलं तर दुसरं येतं.

ताई

---

९ फेब्रुवारी

ताई,

रागावू नकोस, उंदीर नाही. सापळा लावला, पीठ भुरभुरलं, एक पाऊल उमटलं नाही. आणि सदरा रोज बाहेर. मी घट्ट ठोकते, लाटण्याने ठोकते, आणि स्वयंपाकघरात जाऊन परत आले की तो खाली पडलेला असतो. काल त्याची बाही ओढलेली होती. ओढलेली, ताई. पकडून ओढल्यासारखी.

घरात कुणीतरी येतंय. आधी लिहिणार नव्हते, तू हसशील म्हणून. मी स्वयंपाकघरात असते तेव्हा ठक ठक असा आवाज येतो. थांबतो, पुन्हा येतो. मागच्या दाराशी जावं तर कुणी नाही. खोलीत यावं तर सासूबाई डोळे मिटून बसलेल्या. त्यांना विचारलं, कुणी आलं होतं का? त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना काहीतरी दिसलंय आणि सांगता येत नाही.

मी आता मागच्या दाराला कडी घालून आतून कपाट लावते. पुढच्या दारालाही घालते. पण मग वाटतं, बाहेरचं कुणी नसेलच तर? मीच करत असेन तर? काल शेगडीवर दूध ठेवल्याचं विसरले. पाणी घातलं की नाही आठवत नाही, म्हणून पुन्हा घालते. आपल्या आईचं शेवटी असंच झालं होतं ना? ती पण म्हणायची, घरात माणसं फिरतात. मला भीती वाटते, ताई. दोन्हींची वाटते. कुणी असण्याची आणि कुणी नसण्याची.

टोमॅटोची पानं खाली लोंबायला लागलीत. माना टाकल्यासारखी. माती ओली आहे तरी.

तुझं पत्र वाचून दाखवलं. उंदरापर्यंत आले आणि सासूबाईंच्या घशातून आवाज आला. हसल्या की काय कोण जाणे.

बारकी

---

१४ फेब्रुवारी

माझी बारकी,

शांत हो. आधी एक पेलाभर पाणी पी, मग पुढे वाच.

आईचं तुला काही झालेलं नाही. आई तेव्हा ऐंशीची होती. तुझी झोप पुरी होत नाही, पोटात अन्न नाही आणि बोलायला माणूस नाही. अशाने कुणालाही भिंतींत माणसं दिसतील. पानं लोंबतात ती जास्त पाण्याने. आठवत नाही म्हणून दोनदा घालतेस, तूच लिहिलंयस. आठवडाभर पाणी बंद.

आता ठक ठक. अगं, तुझ्या सासूबाईंच्या मांडीवर काठी आहे ना? बसल्या बसल्या वाजत असेल फरशीवर. आजारी माणसाला चाळा लागतो. आमच्या इथले जुने मुकादम शेवटी शेवटी दिवसभर चमचा वाजवायचे. काढून घे ती काठी. नाहीतरी त्यांना चालायचं कुठे आहे? तुझं डोकं तरी शांत राहील.

आणि त्या भोकाचा एकदाचा निकाल लाव. सदरा-बिदरा नको. फळी घे, चार खिळे ठोक. मग उंदीर असो, चोर असो, नाहीतर तुझा भ्रम असो, फळी काही खाली पडत नाही. रोज सकाळी बघायचं, फळी जागेवर आहे. म्हणजे तुझं तुलाच पटेल की घरात कुणी नाही.

हे केलंस की मला लगेच कळव. आणि टोमॅटोचं एक रोप वहीत दाबून पाठव, बघते.

ताई

---

२० फेब्रुवारी

ताई,

केलं. तू म्हणालीस ते सगळं केलं. पत्र वाचून संपवलं आणि तिथेच काठी काढून घेतली. सासूबाईंनी घट्ट धरली होती. किती जोर असतो गं एकेकाच्या हातात. मला बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग फळी ठोकली. चार नाही, सहा खिळे. मी ठोकत असताना त्या घशातून आवाज काढत होत्या, मी म्हटलं, झालं हं, झालं, आता गार वारा लागायचा नाही तुम्हाला.

आता अगदी शांत आहे. ठक ठक नाही. फळी जागेवर आहे, मी सारखी जाऊन बघते. सासूबाई दिवसभर झोपतात, जेवायलाही उठवावं लागतं, गाल चांगले लाल झालेत. ऊब मानवली त्यांना. मला काल दोनदा उलटी झाली. डोकं आता दुखत नाही असं नाही पण त्याची सवय झालीय. पाय जड झालेत. माझं अंथरूण मी खोलीतच आणलंय. बाहेरच्या खोल्यांत जायची भीती वाटते आणि इथे ऊब आहे. कपाट दाराला लावलेलंच आहे. पाणी बंद केलं तरी टोमॅटो तसेच आहेत. रोप पाठवतेय. मिरचीची पानं गळतात. मिरचीची पानं गळतात हे लिहिलं का मी? शिंपी रॉकेल घेऊन आला होता, मी दार उघडलं नाही, डबा पायरीवर ठेवायला सांगितला. तो म्हणाला, बाई, बरं आहे ना? मी म्हटलं, फार छान आहे.

दुपारी जरा पडते आता. मग कपात रोपं लावायची आहेत. पानाला धरून, देठाला नाही.

बारकी

---

२४ फेब्रुवारी, पोस्टातून

बारके,

हे हातात पडताच खिडकी उघड. पुढचं वाचू नकोस. उघडत नसेल तर फोड. शेगडी विझव, सासूबाईंना ओढत बाहेर काढ, थंडीत काढ, गारठल्या तर गारठू देत. मग वाच.

मी पोस्टाच्या काउंटरवर उभी आहे. तुझं रोप आत्ताच पाकिटातून काढलं. पान हिरवंगार, सुकलेलं नाही, सडलेलं नाही आणि देठापासून खाली वळलंय. पाण्याने असं होत नाही. असं मी एकदाच पाहिलंय. आमच्या काचघरातल्या शेगडीचं धुराडं कोंदलं होतं तेव्हा. आदल्या दिवशी सगळ्या टोमॅटोंनी पानं अशी खाली वळवली, आणि आम्ही पाणी कमी घाला, खत घाला करत बसलो. दुसऱ्या दिवशी दोन माळी आत पडलेले सापडले. वास येत नाही त्या हवेला. माणसाच्या आधी टोमॅटोला कळतं.

तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, रॉकेलची शेगडी. मी वाचलं होतं. माझ्या डोक्यात रोपं होती, माणसं नव्हतीच. भोक बुजव म्हणाले. फळी ठोक म्हणाले. मी म्हणाले, बारके, मी.

कारकुनाला शिंप्याचा नंबर लावायला सांगितलाय. मला ऐकू येणार नाही म्हणून तोच बोलणार आहे. वाजतोय म्हणतो. कुणी उचलत नाही.

पुन्हा लावतोय. माझ्यामागे रांग आहे, एक माणूस कुरकुरतोय, मी त्याच्याकडे असं बघितलं की गप्प झाला.

वाजतोय म्हणतो.

तू हे दुपारचं पडणं लिहून चार दिवस झाले.

त्याने मान हलवली. कुणी नाही. मी त्याच्या ओठांकडे बघतेय. पुन्हा लाव म्हटलं. लाव, लावत राहा. उचललाय वाटतं. तो काहीतरी बोलतोय, मी

---

२५ फेब्रुवारी

ताईंना शेजारच्या शिंप्याचा नमस्कार.

आपली ओळख नाही, पण पोस्टातल्या साहेबांचा फोन मीच घेतला. मी नंतर त्यांना फोनवर जे कळवलं ते आपल्याला समजलं असेलच, तरी सविस्तर लिहा असा आपला निरोप होता म्हणून लिहितो. मला लिहायची सवय नाही, चुकलं तर माफ करा.

आधी हे, की दोघी जिवंत आहेत. दवाखान्यात आहेत. आपल्या बहिणीला काल रात्री शुद्ध आली. थोरल्या बाईंना अजून पुरती नाही.

दुकानाची कडी घालून मी गिऱ्हाइकाकडे गेलो होतो, म्हणून फोन उशिरा उचलला. ते माझ्या मनाला लागून राहिलंय. पुढचं दार, मागचं दार, दोन्ही आतून बंद. मागच्याला कपाट लावलेलं होतं, ढकललं तर हललं नाही. मग मी दुकानातली कोळशाची इस्त्री आणली आणि तिने खिडकी फोडली. चिंध्या इतक्या ठासून बसवल्या होत्या की काच फुटली तरी तुकडे खाली पडेनात. आत आपली बहीण फरशीवर होती, रोपांच्या मांडणीजवळ, हातात मातीचा कप. मी हाक मारली तर म्हणाली, हळू, देठ मोडेल. एवढंच म्हणाली.

थोरल्या बाई खुर्चीतून खाली घसरल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. त्यांच्या डाव्या हाताची नखं तुटलेली होती. तिथे एक फळी ठोकलेली आहे, तिच्या कडेला रक्त आणि ओरखडे आहेत. बाईंचा हात चालत नाही असं आम्ही सगळे समजत होतो. डॉक्टरांना मी तो हात दाखवला, त्यांनी पट्टी बांधली.

रोपं मी दुकानात आणून ठेवली आहेत. बाहेर टाकायला जीव होईना. खिडकीपाशी ठेवली आहेत, पाणी किती घालायचं ते कळवा.

आपण लगेच या.

शिंपी

---

१९ मार्च

बारके,

तुझ्याकडून घरी पोचले. गाडीत झोप लागली नाही, कारण डोळे मिटले की मला तो पोस्टातला फोन वाजताना दिसतो. ऐकू येत नाही गं, दिसतो.

पण तू आहेस. चिडचिडतेस, दवाखान्यातल्या वरणाला नावं ठेवतेस, म्हणजे ठणठणीत आहेस. निघताना शिंप्याच्या दुकानात डोकावले. टोमॅटो ताठ उभे आहेत, जणू काही झालंच नव्हतं. मिरच्यांनाही नवी पानं फुटलीत. त्या माणसाने प्रत्येक कपाखाली कापडाचा तुकडा घातलाय, टीप मारून.

मी तुझी माफी मागितली ती तू हसण्यावारी नेलीस. मी काही ती परत घेत नाही. भोक, फळी, काठी, तिन्ही माझीच अक्कल. रोपवाटिकेत नवी मुलं आली की आता पहिल्यांदा शेगडी दाखवीन, मग बी.

आणि तुझा चोर कोण ते आता निराळं सांगायला नको. सासूबाईंना कळलं होतं. आपल्या सगळ्यांच्या आधी, टोमॅटोच्याही आधी. काठीच्या मुठीने सदरा ओढून काढायच्या, ठक ठक करून तुला बोलवायच्या. काठी गेली तेव्हा नखांनी. मला खरंच सांगावंसं वाटतं, बारके, त्या बाईने तुला जगवलंय. वीस वर्षं मीठ कमी आणि मीठ जास्त यात गेली, आता तरी तुमचं जमेल. तुला कशी काळजी होती ते त्यांनाही कळलं असेल.

माझ्या हातून पेज घेत नव्हत्या, फक्त त्या बुटक्या नर्सच्या हातून घेत होत्या. तुझ्याही हातून नाहीच. आजारी माणूस हट्टी होतं, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस.

त्या घरी आल्या की कळव.

ताई

---

२७ मार्च

ताई,

तू इथे होतीस तेव्हा बोलले नाही. तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते वॉर्डात बोलण्यासारखं नव्हतं, आणि माझा धीरही झाला नाही.

हट्ट नाही तो. तू विसरतेस, तुझी सगळी पत्रं त्यांनी ऐकली आहेत. मीच वाचून दाखवली, एक ओळ न गाळता, कारण डॉक्टर म्हणाले होते बोलत राहा. ते भोक आधी बुजव. वाचलं आणि त्यांच्यासमोर बुजवलं. ठोकून बसव. वाचलं आणि ठोकलं. काठी काढून घे, नाहीतरी त्यांना चालायचं कुठे आहे. हेही वाचलं, ताई. त्यांच्याकडे बघत वाचलं, आणि त्यांची बोटं सोडवली. फळी ठोक. त्यांना श्वास पुरत नव्हता, त्या ओरडत होत्या, आणि मी खिळे ठोकत म्हणत होते, झालं हं, झालं.

तू म्हणतेस, त्यांना कळलं. सगळं कळलं. आपण दोघी बहिणी पत्रापत्री करून काय करतोय तेच त्यांना कळलं, त्यांना जसं कळणार होतं तसं.

तू गेल्यावर डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलायची एक रीत काढली. डावा हात हातात घ्यायचा, हो असेल तर त्यांनी दाबायचा, नाही असेल तर सोडून द्यायचा. मी पायाशी उभी होते. डॉक्टरांनी विचारलं, हवा कमी पडतेय हे तुम्हाला कळत होतं? दाबला. कापड तुम्ही काढत होता? दाबला. सुनेला सांगायचा प्रयत्न केलात? दाबला, दोनदा. मग डॉक्टर हसले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, बिचारीला ठाऊक नव्हतं हो, चुकून झालं ना सगळं?

आम्ही वाट बघितली. त्यांनी हात सोडून दिला. डॉक्टरांना वाटलं दमल्या. त्यांनी पांघरूण सारखं केलं आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

मी नंतर एकटीच त्यांच्याजवळ बसले. सगळं सांगितलं. शेगडीचं, तुझ्या काचघराचं, माझ्या डोक्याचं, आईचं. पाया पडले. त्या बघत होत्या. मला ती नजर माहीत आहे, फेब्रुवारीपासून माहीत आहे. तेव्हा मला वाटलं होतं त्यांना खोलीत कुणीतरी दिसलंय. दिसलंच होतं. मी पेल्यात पाणी ओतलं तर पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ओठ घट्ट मिटले. त्या बाईला मी सून म्हणून कधी आवडले नाही, ते मी सोसलं. पण कुणी मला घाबरावं, हे मी कधी पाहिलेलं नाही. माझ्या हाताला घाबरतात त्या. मी उशी नीट करायला वाकले की श्वास धरून ठेवतात.

ह्यांना तार केली. येता येत नाही, बोट अर्ध्या वाटेत आहे. आई तुझ्याजवळ आहे म्हणून मला घोर नाही, असं उत्तर आलंय. तुझ्याकडे पाठवावं म्हटलं तर तुझंही नाव त्यांना पाठ आहे. दवाखान्याला पलंग हवाय. दुसरं घर नाही, दुसरं माणूस नाही. त्यांना मीच भरवणार, मीच धुणार, रात्री दार मीच लावणार. आणि शेगडीशिवाय अजून भागत नाही, गारठा गेलेला नाही. फळी काढली, खिडकीला काच मुद्दाम अर्धीच बसवून घेतली. हे मी त्यांना सांगितलं, पण मी काय सांगते याला आता काय अर्थ आहे?

उद्या सकाळी न्यायचं आहे. शिंपी गाडी आणणार आहे. आज त्या बुटक्या नर्सने त्यांचे केस विंचरले आणि मोठ्याने, हसत हसत सांगितलं, आजी, सुटलात एकदाच्या, उद्या सून घरी नेणार तुम्हाला. त्यांनी डाव्या हाताने पलंगाची दांडी धरली, आणि मी निघाले तोवर सोडली नव्हती.

बारकी